अतिप्रदानाची वसुली
वेतननिश्चितीतील चुकीमुळे कर्मचाऱ्याला मिळालेली जादा रक्कम, म्हणजे शासकीय परिभाषेतील अतिप्रदान, बहुधा निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तकाच्या पडताळणीत उघडकीस येते आणि कार्यालयाच्या चुकीची भरपाई निरपराध कर्मचाऱ्याच्या उपदानातून होते, हे अन्याय्य आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गट क व ड कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले अतिप्रदान यांबाबत वसुली अमान्य ठरवली. मात्र २०१६ मध्ये एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र बंधनकारक मानले गेले. म्हणूनच वेतननिश्चितीच्या वेळी पुढे येणारे हमीपत्र कर्मचाऱ्यांनी वाचूनच त्यावर स्वाक्षरी करावी.