अर्ध्या माणसांना अर्धा डॉक्टर?

आरोग्याची पदवी म्हणून एक चीज आहे. डॉक्टरकीची नव्हे, आरोग्याची. तिच्यात शरीरशास्त्र असतं, आकडेशास्त्र असतं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, पाणी, अन्न, सगळं असतं. कॅनडा-ऑस्ट्रेलियात पोरं बारावीनंतर ती घेतात. आपल्याकडे तिच्यासारखं काही निघालं की दोन टोळ्या उठतात. डॉक्टरांची टोळी ओरडते, अर्धे डॉक्टर नकोत! सरकारची टोळी म्हणते, खेड्यात चालून जातील! ह्या भांडणात एक माणूस कुठेच नाही. तो तळ्याच्या बौद्धवाडीत नाहीतर कातकरवाडीत तापाने फणफणून पडलाय, आणि माणगावच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला त्याची बायको गाडी शोधतेय.

मी तळ्याचा. गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो, मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तुला ह्यात बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की तुमची सगळी शास्त्रं ज्या शरीरावर शिकायची, ते शरीर माझं आहे.

आधी डॉक्टरांचा हिशेब. इंग्रज जाता जाता भोर समितीचा अहवाल आला, १९४६ साली. तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते. त्यातले जवळजवळ ३०,००० 'लायसेन्शिएट', म्हणजे कमी वर्षांचा, कमी खर्चाचा कोर्स केलेले. समितीने सांगितलं, हा कोर्स बंद करा, यापुढे एकच एक पुरा डॉक्टर. समितीतल्याच काही सभासदांनी विरोध नोंदवला. ऐकतो कोण! शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या आणि वर बसलेले म्हणाले, दर्जा राखला. दर्जा राखला, पण राखला कुणासाठी? पुरा डॉक्टर शहरात राहिला. वाडीत राहिला भगत, आणि दोनशे रुपयांत सलाईन लावणारा बोगस.

आता सरकारचा हिशेब. २०१० च्या सुमारास 'बॅचलर ऑफ रूरल हेल्थ केअर' नावाची साडेतीन वर्षांची पदवी काढायचं ठरलं. डॉक्टरांच्या संघटनांनी कल्ला केला. नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाव बदलून 'बी.एस्सी. कम्युनिटी हेल्थ' मंजूर केली. पुढे काय? २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला लागले. त्यासाठी आयुर्वेदाचे, नर्सिंगचे पदवीधर घेतले, सहा महिन्यांचा कोर्स दिला, कंत्राटावर बसवले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात बत्तिसावं कलम घातलं, मर्यादित परवान्याचं. ३१ जुलै २०१९ ला डॉक्टरांनी देशभर संप केला. म्हणजे तीन वर्षांची विद्या गेली खड्ड्यात, हाताशी आलं सहा महिन्यांचं ठिगळ. त्या कंत्राटी पोरापोरींशी माझं भांडण नाही. ती माझ्यासारखीच राबणारी. माझं भांडण त्या डोक्याशी आहे, ज्याला वाटतं की गावकुसाबाहेर कमी माणसं राहतात म्हणून तिथे कमी विद्या पुरते.

मित्रांनो, ह्या पदवीकडे स्वस्त डॉक्टर म्हणून बघू नका. ती वेगळी विद्या आहे, आणि ती आपली आहे. कशी ते सांगतो.

आमच्या रायगडात लाल विंचू चावून माणसं मरायची. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. ते रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसले, विष हृदयावर काय करतं ते टिपून ठेवलं. १९८२ साली ते लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि माणसं वाचायला लागली. सलाम त्या माणसाला. पण विंचू चावतो कुणाला? अनवाणी पायाला. पेंढा उपसणाऱ्या, दगड उचलणाऱ्या, अंधारात जळण काढणाऱ्या हाताला. विष उतरवणं हे वैद्यक. पायात चप्पल का नाही, घरात दिवा का नाही, हे विचारणंसुद्धा वैद्यकच. ते कुठल्या वर्गात शिकवतात?

महाडला चला. २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. एकशेआठ घागरींनी गाईचं शेण, मूत, दूध, दही त्या पाण्यात ओतलं. पिण्याच्या पाण्यात शेण! जंतुशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे शुद्धीकरण बसतं? नाही बसत. ते समजायला जातिशास्त्र लागतं. जो कॉलरा शिकवतो आणि जात शिकवत नाही, तो अर्धाच शिकवतो. अर्धा डॉक्टर म्हणायचं तर त्याला म्हणा.

आता माझ्या गोदीकडे या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सापडला तो मांडवीत, गोदीला लागून. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. लस कुणी काढली? हाफकिनने. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलमध्ये बसून काढली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन डॉक्टर नव्हता! ओडेसात प्राणिशास्त्र शिकलेला माणूस. ज्याच्या नावाने परळची संस्था उभी आहे त्याला आजच्या टोळीने दारातून हाकलला असता, आधी डिग्री दाखव म्हणून. आणि तेव्हाच्या सरकारने काय केलं? गरिबांची बिऱ्हाडं उपसली, सामान जाळलं. उंदीर कोंदट चाळीत का, आणि चाळ कोंदट का, हा प्रश्न तसाच राहिला.

आजही राहिलाय. बोटीच्या पोटात उतरलो की कोळशाची भुकटी नाकातोंडात जाते. पाळी संपल्यावर थुंकी काळी पडते. एका दवाखान्यात गेलो तर डॉक्टरने वर न बघता खोकल्याचं औषध लिहून दिलं. काम काय करतोस, हे विचारलंच नाही. तो एक प्रश्न विचारणारा माणूस तयार करणं म्हणजे ही पदवी.

आणि कुणी म्हणेल की बाबा, विद्या हा तुमचा प्रांत नव्हे, तर त्याला तळा तालुक्यात घेऊन या. मांदाडच्या खाडीवर कुडे गावाला बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखात एका वैद्याचं दान कोरलंय. सोमदेव त्याचं नाव, बापही वैद्य, बुद्धाचा उपासक. लेखात पोरांच्या नावांबरोबर पोरींचीही नावं आहेत. त्याच डोंगरात माळ्याचं दान आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचं आहे. वैद्य आणि माळी एकाच कातळात दान कोरत होते. ही आमची परंपरा. भगताकडे आम्हांला कुणी ढकललं, ते तुम्ही सांगा.

आमच्यातलाच एखादा गडी म्हणतो, आम्हांला दुय्यम काही नको, पुरा डॉक्टरच द्या. बरोबर आहे गड्या. डॉक्टर सोडायचाच नाही. आरोग्य केंद्रातली डॉक्टरची एकही जागा ह्या पदवीच्या नावाखाली रिकामी ठेवू द्यायची नाही. पण पदवीला नुसतं नाही म्हणून बसलो, तर ती खाजगी कॉलेजवाले उचलतील, 'नीट'मध्ये गळलेल्या पैसेवाल्या पोरांना विकतील, आणि त्याच पोरांचं साहेब म्हणून राज्य आपल्या आशाताईंवर येईल. म्हणून अटी आपण घालायच्या.

एक. पदवी सरकारी पाहिजे. अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून काढावी.

दोन. आशाताईंना, त्यांच्या पोरींना, आर्टसवाल्यांना, मॅट्रिकवर अडकलेल्या कामगारांना पूर्वतयारीचं एक वर्ष देऊन आत घ्या. फी शून्य. स्कॉलरशिप जूनमध्ये, परीक्षा संपल्यावर नाही.

तीन. शिकून आलेल्याने काय करायचं, कुठली औषधं द्यायची, ते कायद्यात स्वच्छ लिहा. नोकरी कायम. कंत्राट नाही.

चार. काही वर्षं वाडीत काढली की एम.बी.बी.एस.ला त्यांच्यासाठी जागा राखून ठेवा. १९४६ ला काढलेल्या पायऱ्या परत बसवा.

पाच. जात हा सक्तीचा पेपर. गटार, गोदी, वीटभट्टी हे प्रात्यक्षिक. नापास झाला तर पदवी नाही, मग तो कुणाचाही पोरगा असो.

भीक म्हणून अर्धा डॉक्टर नको. हक्क म्हणून पुरी विद्या पाहिजे.

जयभीम!