राउटर एक, वाटण्या तीन: गावच्या फायबरमध्ये आपला डेटा मिसळतो का?

चाकूरला घरी गेलो की मित्र विचारतात, "ग्रामपंचायत, दवाखाना आणि गावचं वाय-फाय एकाच फायबरवर चालवलं तर सगळ्यांचा डेटा एकमेकांत मिसळणार नाही का रे?"

प्रश्न बरोबर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात आयपी-एमपीएलएस राउटर आणि रिंग पद्धतीची फायबर आहे. अशा राउटरच्या एकाच डब्यात अनेक आभासी राउटर करता येतात. याला व्हीआरएफ म्हणतात.

कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं, याची यादी राउटरकडे असते. व्हीआरएफमध्ये प्रत्येकाची यादी वेगळी. कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा आणि तुमच्या मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ असा एकच असला, तरी गोंधळ होत नाही. वाय-फायवरच्या मोबाइलला कार्यालयाची वाटच सापडत नाही.

पण वाड्यात तीन भावांच्या वाटण्या झाल्या आणि मीटर एकच राहिलं, तर फ्यूज उडाला की तिघांकडे अंधार! इथेही तसंच. व्हीआरएफ भिंत घालतो, स्पीड वाटून देत नाही. त्यासाठी वेगळी सेटिंग लागते. रिंगमुळे फायबर एका बाजूने तुटली तरी डेटा दुसऱ्या बाजूने जातो. राउटरच बंद पडला तर मात्र सगळेच अडकतात.

म्हणून गावात राउटर बसला की दोन प्रश्न नक्की विचारा: वाय-फाय आणि कार्यालय वेगळं केलंय का? आणि लाइट गेल्यावर बॅटरी किती तास चालते?