हिमशिखरें आणि अभियांत्रिकीचें शिक्षण

बारावीची परीक्षा संपते न संपते तोंच आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एकच विचार घोळूं लागतो: मुलानें अथवा मुलीनें अभियांत्रिकी कोठें शिकावी? अलीकडे या प्रश्नास एक नवें वळण लागलें आहे. भंडाऱ्याच्या उन्हांत वाढलेल्या मुलांस बर्फाच्छादित पर्वतांची ओढ वाटते, आणि श्रीनगर, हमीरपूर किंवा मंडी येथील संस्थांचीं चित्रें पाहून कित्येकांस पसंतिक्रमांत त्यांचीं नांवें वर लिहावींशीं वाटतात. ही ओढ आम्ही वाईट मानीत नाहीं. ज्यास पर्वताची हांक ऐकूंच येत नाहीं तें तारुण्य कसलें? परंतु ओढ ही एक गोष्ट आणि निवड ही दुसरी. दोहोंची गल्लत झाली म्हणजे मुलाचीं चार वर्षें व बापाची पुंजी पणास लागते.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व श्रीनगरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या दोन्ही १९६० सालच्या. म्हणजे एकाच वयाच्या बहिणी. अशा संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या प्रांतांतील विद्यार्थ्यांकरितां असतात. अर्थात् महाराष्ट्रांतील मुलास नागपुरास जो हक्काचा वाटा आहे तो श्रीनगरास नाहीं. मंडीची भारतीय तंत्रज्ञान संस्था २००९ सालीं निघाली. तेथें प्रांतवार वाटा नाहीं, पण तिच्या प्रवेशास परीक्षेची आणखी एक कठीण पायरी चढावी लागते.

आतां बर्फाविषयीं. श्रीनगरास हिमवर्षाव होतो त्या दिवसांत संस्थेस हिवाळ्याची दीर्घ सुटी असते. मंडीच्या संस्थेचें आवार कमांद येथें ऊहल नदीच्या खोऱ्यांत आहे. स्कीइंगची सोलंगची उतरण तेथून दूर, मनालीच्याहि पलीकडे आहे. शिवाय, पायांस पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा हा खेळ शिकण्यास अभियंत्याची पदवी लागत नाहीं. मनालीची पर्वतारोहण संस्था व गुलमर्गची स्कीइंग संस्था त्याचे सुमारें दोन आठवड्यांचे वर्ग चालवितात. जें दोन आठवड्यांत साधतें त्यासाठीं चार वर्षें गहाण टाकूं नयेत.

मग पर्वताजवळ कोणीं शिकूंच नये काय? अवश्य शिकावें, पण पर्वत हा ज्याच्या अभ्यासाचा विषय होणार असेल त्यानें. रोहतांगच्या डोंगरांतून नऊ किलोमीटरांहून लांब असा अटल बोगदा २०२० सालीं खुला झाला. उलट, उत्तरकाशीजवळ सिल्क्यारा येथें नोव्हेंबर २०२३ मध्यें बोगदा ढासळून ४१ मजूर सतरा दिवस आंत अडकले व अखेर सर्वजण सुखरूप बाहेर आले. डोंगर कोठें धरतो आणि कोठें सोडतो हें ज्यास जाणून घ्यावयाचें आहे, त्यास हिमालय ही मोठी प्रयोगशाळा आहे. मंडीच्या संस्थेंत दरड कोसळण्याची पूर्वसूचना देणारीं स्वस्त यंत्रें तयार झालीं, याचें कारण दरडी तिच्या दाराशींच आहेत.

परंतु निसर्गाचे प्रश्न केवळ हिमालयांतच नाहींत. ऑगस्ट २०२० मध्यें वैनगंगेच्या पुरानें भंडारा शहर व किती गांवें पाण्याखालीं गेलीं हें आपण विसरलों नाहीं. पवनीजवळ गोसीखुर्दचें धरण उभें आहे. त्याचें पाणी धानाच्या बांधापर्यंत कसें पोंचवावें, हाहि अभियंत्याचाच प्रश्न आहे. आपल्या नदीचा अभ्यास करणारा विद्यार्थी बर्फ न पाहतांहि मोठा अभियंता होऊं शकतो.

यास्तव विद्यार्थिमित्रांनो, पसंतिक्रम लिहिण्यापूर्वीं स्वतःस कांहीं प्रश्न विचारा. मला कोणती शाखा आवडते? त्या शाखेचे अध्यापक व प्रयोगशाळा या संस्थेंत कशा आहेत? तेथून बाहेर पडलेल्यांपैकीं सर्वांत भाग्यवानास नव्हे, तर मधल्या विद्यार्थ्यास काय वेतन मिळालें? घरीं येण्याजाण्यास काय खर्च येईल? यादींत वर लिहिलेलें नांव गुणानुक्रमांत बसलें कीं तेंच पदरीं पडतें, हें विसरूं नका.

पालकांसहि एक विनंति. केवळ अंतराच्या धास्तीनें मुलास, आणि विशेषतः मुलीस, अडवूं नका. या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जाति-जमातींच्या व अत्यल्प उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांस शिक्षणशुल्काची माफी असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र जमेस धरावा. मुलाचें उत्तर "तेथें बर्फ आहे" एवढेंच असेल तर त्यास थांबवा. "तेथें मला अमुक शिकावयाचें आहे" असें तो सांगूं लागला, तर त्याची ट्रंक भरून द्या, आणि तींत लोकरीचा एक जाड स्वेटर ठेवण्यास विसरूं नका.