ट्रॉलीतला संसार कुठे टेकवायचा?

दसऱ्याच्या आगेमागे आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वाटांवर चालते संसार दिसू लागतात. मेळघाटातून, सातपुड्यापलीकडून सोयाबीन सोंगायला आणि कापूस वेचायला टोळ्या येतात. दक्षिणेला जालना-बीडकडची ऊसतोडीची जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी अन् लेकरे घालून कारखान्याकडे निघतात. काम कुठे आहे ते मुकादम सांगतो. रात्री ट्रॉली कुठे उभी करायची ते कोणी सांगत नाही. मग सडकेची कडच बरी वाटते.

त्या कडेची किंमत आपण पाहिली आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गालगतच्या झोपडीत निजलेल्या मजुरांवर ट्रक चढला. रस्त्याच्याच कामाला आलेली ही माणसे. त्यांतली काही पुन्हा उठली नाहीत.

म्हणून बंधूंनो, मुक्कामाची जागा दिवस असतानाच शोधावी. गावात शिरून सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला विचारावे. ई-क्लास जमीन, रिकामे खळे, बाजाराचे मैदान, काही ना काही निघते. जागा मुरमाड पाहावी. काळ्या रानात एक अवकाळी सर आली की ट्रॉली रुतलीच समजा. नाल्याच्या पात्रात किंवा विजेच्या तारांखाली मुक्काम नको. विहिरीला कठडा नसेल तर लेकरांसाठी दूरची जागा बरी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि ट्रॉलीखाली कोणी निजू नये. मागच्या बाजूला लाल चमकपट्टी लावून घ्यावी. खर्च थोडा, पण रात्री तीच राखण करते. ताडपत्रीने झाकलेल्या ट्रॉलीत चूल किंवा शेगडी पेटवू नये. धूर कोंडला की निजलेल्याला कळतही नाही.

पाण्याची चौकशी आधी करावी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला, विहीर काठोकाठ भरलेली असली तरी पाणी खारट लागते. पिण्यासाठी गावच्या नळाचे पाणी मागून घ्यावे. रेशनकार्ड आधारला जोडलेले असेल तर परगावच्या दुकानातही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते, म्हणून कार्ड सोबत ठेवावे. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी.

आता दोन शब्द घरधन्याला आणि घरधनिणीला. टोळी ठरवताना आपण मजुरीवर घासाघीस करतो, विसार देतो; मुक्कामाचे नावही काढत नाही. ते त्याच बैठकीत ठरवा. खळ्याच्या कडेला सपाट जागा, एक दिवा, दोन घागरी गोडे पाणी, बायाबापड्यांना आंघोळीसाठी चार पळाट्यांचा आडोसा आणि घरच्या संडासाची मोकळीक, एवढे कोणालाही देता येते. रात्री परसाकडे अंधारात जावे लागले तर सापकिरडाचे भय असते, आणि माणसाचेही असते. ते भय काय, हे घरधनिणीला सांगायला नको.

रात्री नीट निजलेली टोळी सकाळी वेळेवर पाटीला लागते. आणि जिथे बाईमाणसाची अन् लेकराची अब्रूने सोय झाली, त्या शिवारात पुढच्या साली मजूर शोधत हिंडावे लागत नाही. ट्रॉली आपसूक तिकडे वळते.