घर सजते, जबाबदारी मात्र अधांतरी

नवी दिल्ली : सदनिकेचा ताबा मिळाला म्हणजे घर मिळाले, असे शहरांत आता राहिलेले नाही. बांधकाम व्यावसायिकाकडून हाती येतात त्या भिंती, फरशी, स्वयंपाकघरातील ओटा आणि विजेचे ठरावीक पॉइंट. कपाटे, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, दिवे, पलंग हे सारे त्यानंतर सुरू होते. मोटार बाजूला ठेवली तर अनेक नोकरदार दांपत्यांच्या आयुष्यातील घराखालोखालचा मोठा खर्च हाच असतो. घराच्या खरेदीवर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याची, म्हणजे रेराची, देखरेख आहे. या दुसऱ्या खर्चासाठी तशी स्वतंत्र व्यवस्था नाही.

मुळात ‘इंटिरिअर डिझायनर’ कोणाला म्हणावे, हेच कायद्याने ठरवलेले नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुशास्त्र परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. योगायोग असा की, याच वर्षी ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. परंतु तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. सदस्य नसलेल्याला काम करण्यास मज्जाव नाही. वास्तुविशारदांनाही कायद्याने दिलेले संरक्षण वाटते तेवढे व्यापक नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये वास्तुशास्त्र परिषदेच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले, की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या पदनामाच्या वापरावर निर्बंध घालतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला त्या स्वरूपाचे काम करण्यास तो मनाई करीत नाही. अंतर्गत सजावटीच्या क्षेत्रात पदनामालाही संरक्षण नाही. परिणामी पदवीधर डिझायनर, अनुभवी सुतार-कंत्राटदार आणि समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकून कालपरवा दुकान थाटलेला होतकरू हे तिघे ग्राहकासमोर एकाच पाटीखाली उभे असतात.

या व्यवसायाचे खरे स्वरूप आराखड्यात कमी आणि संवादात अधिक आहे. दांपत्याचे घर करणारा डिझायनर वस्तुतः दोन अशिलांचे काम एकाच वेळी करीत असतो. दोघेही घरून काम करणारे असतील तर दुसरे टेबल कोठे ठेवायचे. गावाहून येणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी खोली राखायची की त्या जागेत अभ्यासिका करायची. देवघर स्वयंपाकघरात असावे की दिवाणखान्यात, या प्रश्नांची उत्तरे मोजपट्टीने मिळत नाहीत. ओट्याची उंची हे साधे उदाहरण घेता येईल. जो रोज स्वयंपाक करतो त्याच्या कोपराच्या उंचीवरून ती ठरली पाहिजे, परंतु पहिल्या बैठकीत ओट्याविषयी बोलणारी व्यक्ती आणि त्यावर रोज उभी राहणारी व्यक्ती एकच असते असे नाही. चांगला व्यावसायिक हे अंतर लवकर ओळखतो. दोघांशी स्वतंत्र बोलतो, मतभेद कागदावर आणतो आणि दोघांची स्वाक्षरी झाल्याशिवाय प्लाय कापू देत नाही.

व्यवहारात मात्र बहुतेक वेळा करारच नसतो. अंदाजपत्रकाचे एक पान, व्हॉट्सॲपवरील काही संदेश आणि आगाऊ रकमेची पावती एवढ्यावर लाखो रुपयांचे काम उभे राहते. मध्येच दोघांपैकी एकाने कपाटाचा रंग बदलायला सांगितला, दुसऱ्याने आणखी दोन खण वाढवले, की वाढीव खर्च कोणाच्या संमतीने झाला याचा पुरावा उरत नाही. यात डिझायनरही तितकाच भरडला जातो. शेवटचा हप्ता अडवून धरणाऱ्या ग्राहकांच्या कहाण्या या व्यवसायात कमी नाहीत.

दुसरा प्रश्न टक्केवारीचा. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, ड्रॉवर चॅनेल, टाइल्स यांच्या विक्रेत्यांकडून डिझायनर आणि कंत्राटदारांना कमिशन मिळते, हे या बाजारातील उघड गुपित आहे. सुतारांसाठी उत्पादकांच्या कूपन आणि गुणांच्या योजना तर राजरोस चालतात. नोंदणीकृत वास्तुविशारदांच्या आचारनियमांत, १९८९ पासून, काम किंवा ग्राहक मिळवून देण्यासाठी सवलत, कमिशन वा भेट देण्या-घेण्यास मनाई आहे. डिझायनरवर असे बंधन नाही. कमिशन घेणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही, परंतु ज्याच्या सल्ल्यासाठी ग्राहक शुल्क मोजतो त्याचे उत्पन्न विक्रेत्याच्या गल्ल्यातूनही येत असेल, तर हे ग्राहकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोचे सर्वसाधारण प्लायवूडसाठी ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी ७१० अशी स्वतंत्र मानके आहेत. कोटेशनमध्ये मात्र ‘उत्तम प्रतीचा वॉटरप्रूफ प्लाय’ एवढेच लिहिलेले असते. लॅमिनेट चिकटल्यावर आत काय आहे, हे पाहणार कोण?

पैशाचा प्रश्न एक वेळ निस्तरता येतो. भिंतीचा येत नाही. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेल्या अंतर्गत फेरबदलांत इमारतीच्या आधारस्तंभांना धक्का लावण्यात आल्याचा आरोप त्यानंतर झाला होता. गुरुग्राममधील एका उंच निवासी संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका सदनिकेतील दुरुस्तीच्या कामादरम्यान खालचे मजले कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. तेथे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत दोष मूळ बांधकामाचाच आढळला. दोन्ही प्रकरणे वेगळी असली, तरी ज्याच्या हाती हातोडा आहे त्याने इमारतीची रचना जाणून घेतली पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे. रंग, प्लास्टर, फरशी यांसारख्या किरकोळ कामांना सहसा पालिकेची परवानगी लागत नाही. स्तंभ, तुळई किंवा भारवाहक भिंतीला हात लावायचा असेल तर लागते. ‘खोली मोठी दिसावी’ म्हणून पाडली जाणारी भिंत यांपैकी कोणती, हे ठरवण्यासाठी संरचना अभियंता लागतो आणि त्याचे शुल्क अंदाजपत्रकातून सर्वात आधी वगळले जाते.

येथे रेराशीही गाठ पडते. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतील किंवा कारागिरीतील दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी या कायद्याने विकासकावर टाकली आहे. परंतु भिंती फोडल्या, नळवाहिन्या हलवल्या, स्वच्छतागृहाची फरशी उखडली, की गळती मुळची की नंतरची हा वाद सुरू होतो. काम सुरू होण्यापूर्वीची दिनांकित छायाचित्रे हा अशा वेळी ग्राहकाकडील सर्वात स्वस्त पुरावा ठरतो.

खर्चाची तजवीज हाही दांपत्यांसाठी कसोटीचा भाग आहे. गृहकर्ज साधारणपणे फर्निचरसाठी मिळत नाही. मग टॉप-अप कर्ज, महागडे वैयक्तिक कर्ज किंवा दागिने मोडणे हे पर्याय उरतात. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३० हजार रुपयांचीच वजावट मिळते आणि सुटे फर्निचर हे नूतनीकरणही नव्हे. एकाच ठिकाणी आराखड्यापासून जोडणीपर्यंत सारे करून देणाऱ्या लिव्हस्पेस, होमलेनसारख्या कंपन्या २०१४ नंतर वाढल्या त्या याच गोंधळावर उत्तर म्हणून. छापील दर आणि लेखी हमी हा त्यांचा लाभ आहे. मात्र आगाऊ रक्कम आणि काम यांचा मेळ घालण्याचा प्रश्न त्यांच्याकडेही संपत नाही.

या व्यवसायाला परवाना पद्धत लावावी, अशी मागणी अधूनमधून होते. तिचा लाभ ग्राहकापेक्षा परवाना देणाऱ्यालाच अधिक होण्याची भीती आहे. शिवाय हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या सुतारांना तिने बाहेर ढकलले जाईल. त्यापेक्षा कमिशन जाहीर करण्याची सक्ती, कामाच्या टप्प्यांशी बांधलेले हप्ते आणि भिंत पाडण्यापूर्वी अभियंत्याचे लेखी पत्र असा नमुना करार केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने प्रसृत केला, तर तो अधिक उपयोगी ठरेल.

तोपर्यंत आधार आहे तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. मोबदल्यात घेतलेली सजावटीची सेवा त्यात येते. मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे ती करता येत असल्याने इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूत घर घेतलेल्याला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. तक्रार मात्र वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते.