काळे की तांबडे?

या सदराच्या वाचकांना माझ्या टेबलाची अवस्था ठाऊक आहेच. गेले पाच महिने त्यावर एक विमान मुक्काम ठोकून आहे. मूळ विमानाच्या एक बहात्तरांश. पंख पसरले तरी पुरते वीतभरही नाही.

हे द हॅविलंड कंपनीचे ‘कॉमेट’. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलपासून मेलबोर्नपर्यंत विमानांची शर्यत झाली, तिच्यासाठी मुद्दाम बांधलेले. दोन इंजिने आणि अंग सगळे लाकडी! अशी तीन कॉमेट शर्यतीत उतरली. माझ्याजवळ किट मात्र एकच, आणि सारा घोटाळा तेथेच आहे.

नेहमीची किटे पोलादी साच्यांतून हजारोंनी निघतात. त्यांचे भाग एकमेकांत खुट्कन बसतात. हे पडले मोजक्या प्रतींचे. साचा स्वस्तातला, थोड्या प्रती निघाल्या की संपले. जोडायला खुंट्या नाहीत, भोके नाहीत. धडाचे दोन अर्धे समोरासमोर धरले, तर रुसलेल्या विहिणींसारखे अंतर राखून उभे! मग कानस, लांबी, पुन्हा कानस. चालकांच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण तर आपणच कातरून घ्यायचे, आणि तेही एकच दिलेले. कातरताना मी पंखासुद्धा बंद केला होता. तरी सुरी घसरलीच. केसाएवढी चीर पडली.

“अहो, तुम्ही सांगितले नाही तर कोणाला दिसणार आहे?” सौ. म्हणाली.

कॉमेटच्या पुढच्या भागात पेट्रोलच्या मुख्य टाक्या, म्हणून दोघे चालक पार मागे, एकामागे एक. निघण्यापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरून पंख्याच्या पात्यांचा कोन साधायचा. वेग आला की हवा सुटून पाती लांबच्या प्रवासाच्या कोनात वळत. मग हवेत असेपर्यंत ती माघारी फिरत नसत. नातवाने हे ऐकल्यापासून आमच्या पंपाला भलताच मान आला आहे.

आता रंग. तांबडे विमान स्कॉट आणि कॅम्बेल ब्लॅक यांचे. त्यांनी ७० तास ५४ मिनिटांत मेलबोर्न गाठले आणि शर्यत जिंकली. काळे, सोनेरी रेघांचे, जिम आणि एमी मॉलिसन या जोडप्याचे. बगदादला तेच पहिले. पण कराचीहून अलाहाबादकडे येताना वाट चुकली आणि उतरावे लागले जबलपूरला. तेथे या इंजिनांना मानवेल असे पेट्रोल कोठले? मिळेल ते भरले. इंजिने बिघडली, आणि अलाहाबादलाच त्यांची शर्यत संपली.

“आजोबा, तांबडे!” नातवाचा निकाल तयार. हरलेले विमान कपाटात कोण ठेवते?

मला जबलपूर सोडवेना. पंचाईत सौ.पुढे नेली. तिने चकल्यांवरची नजरही न काढता विचारले, “ती एमी म्हणजे १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान घेऊन गेलेली तीच ना? मग काळे.”

वसुबारसेला काळा रंग चढला. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप टेबलापाशी आला, भिंग घेऊन बराच वेळ पाहत बसला, आणि झाकणातल्या चिरेवर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, ही जबलपूरला पडली का?”