गुडघे घरी ठेवून सहल होत नाही

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एक निवृत्त गुरुजी सपत्नीक दवाखान्यात आले. मुलगा जपानमध्ये ओसाका शहरात नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना दोन महिन्यांसाठी बोलावले होते. तिकिटे आली होती, व्हिसा झाला होता, फक्त वहिनींचे गुडघे जायला तयार नव्हते. गुरुजींना बारा वर्षांपासूनचा मधुमेह. मागच्या तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी केली होती, ती ८.४ आली होती. म्हणजे गडबडच.

मी त्यांना काय सल्ला दिला ते आधी सांगतो, कारण आजचा लेख त्या सल्ल्याबद्दलच आहे. मी म्हणालो, "खुशाल जा, पण गुडघे सांभाळा. फार चालू नका. मुलाला गाडी करायला सांगा आणि बसल्या बसल्या काय दिसेल ते बघा." वहिनींना गुडघ्याचे पट्टे लिहून दिले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला मी कित्येक वर्षे हेच सांगत आलो आहे.

जूनमध्ये दोघे परत आले. गुरुजींचे वजन साडेतीन किलोने उतरले होते, एचबीएवनसी ७.५ वर आली होती. पट्टे पिशवीतून काढून वहिनींनी माझ्या टेबलावर ठेवले. घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी विचारले, "गाडी मिळाली का चांगली?"

"कशाची गाडी, डॉक्टरसाहेब? पोराजवळ गाडीच नाही. त्याच्या साहेबाजवळही नाही. तिथे भुयारातली रेल्वे आणि आपले पाय."

मग गुरुजींनी सगळे वर्णन केले. शिक्षकच ते, वेळापत्रकासह सांगितले. सकाळी घरून स्टेशनपर्यंत बारा मिनिटे पायी. तेथून भुयारी रेल्वेने पंधरा-वीस मिनिटे. ओसाकाची ही रेल्वे १९३३ साली सुरू झाली आणि आज शहराच्या बहुतेक भागांत पोहोचते. किल्ला बघायचा तर तानिमाची योन्चोमे स्टेशनवर उतरायचे आणि खंदकाच्या कडेने चालत जायचे. किल्ल्याचा आजचा मुख्य मनोरा १९३१ साली सिमेंट काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे आणि आत लिफ्ट आहे. वहिनींना त्याचे फार कौतुक. दुसऱ्या दिवशी शितेन्नोजीचे बौद्ध मंदिर. इसवी सन ५९३ मधील त्याची स्थापना सांगतात. तेही स्टेशनवरून पायीच. बाकाजवळ आले की बसायचे, पुन्हा उठायचे.

वहिनी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी रडले. पोराला म्हटलं, मला घरीच ठेव, तुम्ही जा. आठव्या दिवशी मीच पुढे, हे मागे."

गुरुजी निघून गेल्यावर ते पट्टे बराच वेळ माझ्यासमोर पडून होते. रुग्णाने आपला सल्ला मोडावा आणि मोडल्यामुळेच बरे वाटावे, हा अनुभव कोणत्याही डॉक्टरला गोड लागत नाही. पण खरे सांगायचे तर माझा सल्ला जुना झाला होता. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांती द्यावी असे पूर्वी आम्ही मानत असू. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतले वंगण तिच्यात मुरते आणि तेच तिचे अन्न. बसून राहिलेला गुडघा उपाशी राहतो. शिवाय मांडीचे पुढचे स्नायू चालले नाहीत की रोडावतात, आणि गुडघ्यावरचा भार उचलायला मदतनीस उरत नाही. गेल्या कित्येक वर्षांत या विषयावरचे वैद्यकीय मत बदलले आहे. माझी जीभ तेवढी बदलली नव्हती.

चालण्याच्या बाबतीत आपले दोन टोकाचे पंथ आहेत. एक बसून राहणाऱ्यांचा. दुसरा रोज दहा हजार पावलांचे व्रत घेणाऱ्यांचा. हा दहा हजारांचा आकडा मूळचा जपानचाच. टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झाले, आणि पुढच्याच वर्षी तेथील एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. नाव ठेवले मांपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा विक्रीला सोयीचा होता, प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या महिलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या महिलांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले. पुढे फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास तो थांबला. तेव्हा ज्यांना दहा हजार जमत नाहीत त्यांनी खजील होऊन खुर्चीत बसू नये.

आता गुरुजींच्या ओसाकाकडे पुन्हा बघा. दिवसभरात सहासात किलोमीटर झाले असतील, पण एकदम नाही. बारा मिनिटे चालणे, वीस मिनिटे बसणे, पुन्हा दहा मिनिटे. गोळी जशी आम्ही एकदम न देता सकाळ-दुपार-संध्याकाळ देतो, तसे हे चालण्याचे डोस. लांबचे अंतर रेल्वे तोडते आणि जवळचे पाय. मधुमेहात तर जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने वाढती साखर खाली यायला चांगली मदत होते. तिकडे जेवण झाले की स्टेशन गाठावेच लागे, त्यामुळे हा डोस कधी चुकला नाही. (दिवसाला पाच वेळचा गोड चहाही तिकडे बंद झाला होता, हे गुरुजींनी नंतर कबूल केले. सगळे श्रेय चालण्याला देऊ नये.)

जपान आपल्यापैकी किती जणांना जमणार? म्हणून गेल्या डिसेंबरात पुण्याला पुतणीच्या लग्नाला गेलो तेव्हा हाच प्रयोग आम्ही उभयतांनी करून पाहिला. नातेवाईक गाडी द्यायला तयार होते. नको म्हटल्यावर त्यांना वाटले, आम्ही रागावलो आहोत.

पुण्यात मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती जुन्या पेठांखालून स्वारगेटपर्यंत जाते. पिंपरीहून बसलो. शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीखाली शिरते. पुढचे जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी जमिनीत रोवावी तसे. तेथून गाडी मुठा नदीच्या खालून पलीकडे जाते. सौभाग्यवतींनी हात घट्ट धरला होता. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर हा फायदाच म्हणायचा.

कसबा पेठेला वर आलो. कसबा गणपती, लाल महाल आणि शनिवारवाडा ही तिन्ही ठिकाणे पायी अंतरावर. १७३२ साली बांधून झालेला आणि १८२८ च्या आगीत आतून जळून गेलेला तो वाडा मी यापूर्वी चार वेळा 'पाहिला' होता, प्रत्येक वेळी गाडीच्या काचेतून. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे या वेळी पहिल्यांदा जवळून पाहिले. हिरवळीवर अर्धा तास बसलो. पुढे दगडूशेठ गणपती, आणि त्याच्या समोर भिडे वाड्याची जागा, जिथे १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला आणि तेथे स्मारक व्हायचे ठरले आहे. नंतर १८८६ सालची मंडईची इमारत. जेवण करून केळकर संग्रहालय. तिथले दिवे आणि अडकित्ते बघायला एक दुपार पुरत नाही.

आणि याच संग्रहालयाच्या जिन्यावर मला धाप लागली. सौभाग्यवतींना नाही, मला. ज्यांचे गुडघे मी दहा वर्षे सांभाळत होतो त्या वरच्या मजल्यावर उभ्या राहून खाली बघत होत्या. "या की हळूहळू," म्हणाल्या. मंडई स्थानकावरून परतताना फोनने ९,१०० पावले दाखवली. मला मात्र त्या जिन्याचाच विचार सोडवत नव्हता. खामगावला आल्यावर स्वतःचा रक्तदाब मोजला. १५२ वर ९४. पुन्हा दोन दिवस मोजला, तेवढाच. दोन वर्षांत मी तो मोजलाच नव्हता. ईसीजी आणि पुढच्या तपासण्या झाल्या, सुदैवाने हृदय ठीक निघाले, गोळी मात्र सुरू झाली. घर ते दवाखाना अंतर जेमतेम एक किलोमीटर, आणि मी तेवढ्यासाठी वर्षानुवर्षे स्कूटर काढत होतो. रोज दोनशे लोकांना 'चालत जा' म्हणून सांगायला.

आपल्या गावात चालणे सोपे नाही, हे मान्य. पदपथावर दुकान, दुकानापुढे मोटारसायकली, आणि उरलेल्या कडेने म्हातारी माणसे जीव मुठीत धरून चालतात. त्यातच पायी जाणारा म्हणजे गरीब किंवा गाडी बिघडलेला, ही आपली समजूत. मी पायी जायला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात सात जणांनी गाडी थांबवून विचारले, "काय झालं, डॉक्टर?"

वहिनींनी ओसाकाची आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिकडे स्टेशनवर स्वच्छ स्वच्छतागृह असते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत होत्या. आपल्याकडे बायका प्रवासाला निघाल्या की सकाळपासून पाणी तोडतात. आठ-आठ तास लघवी धरून ठेवतात. परतल्यावर जळजळ, थंडी, ताप, आणि उन्हाळ्यात मूतखडा. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांचेही तेच. नगरपालिकेने बागा आणि स्वागत कमानी सावकाश कराव्यात, आधी बाजारपेठेत बायकांना वापरता येईल असे एक स्वच्छतागृह द्यावे आणि चार बाके टाकावीत. माझ्या निम्म्या औषधांचे काम ती बाके करतील.

चालायला निघणाऱ्या मधुमेही वाचकांना मात्र एक कळकळीची सूचना. नवे बूट घालून सहलीला जाऊ नका. आधी पंधरा दिवस घरी वापरा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, फोड आलेला कळत नाही. माझ्या एका रुग्णाने उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. चटका जाणवलाच नाही. तो महिन्याने दाखवायला आला तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि तो काढावा लागला. रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो, असे वारंवार होत असेल तर तो थकवा समजू नका, पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. छातीवर दडपण आले तर तिथेच थांबा आणि तातडीने दवाखाना गाठा. आणि गुडघ्याचे म्हणाल तर चालताना थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशीही तेवढेच दुखत राहिले, सूज आली, तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. तो कमी करायचा, बंद करायचा नाही.

परवा वहिनी पुन्हा आल्या होत्या. आषाढी करून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तेव्हा यंदा पूर्ण पायी जायचे म्हणतात. सोळा-सतरा किलोमीटर, तेही पावसात. मी म्हणालो, "पहिले तीन किलोमीटर पालखीबरोबर, मग एसटी. शेगावच्या स्टँडवर उतरून मंदिरापर्यंत पुन्हा पायी." एसटीचे नाव काढताच त्या गुरुजींकडे बघून हसल्या. ऐकतील असे काही दिसत नाही.